माळ्यावरचा व्हिडिओ गेम

गेल्या वर्षी घराला रंग द्यायचे ठरले आणि माळा रिकामा करणे भाग पडले. पितळेचे दोन हंडे, वडिलांच्या दुकानाच्या खातेवह्यांचा गठ्ठा, एक मोडका पंखा आणि त्या सर्वांच्या मागे सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका निघाला. खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : ‘व्हिडिओ गेम – बंद’. बँकेतील नोकरीने प्रत्येक कागदावर तारीख घालण्याची सवय लावलेली असल्यामुळे खाली तारीखही होती. मे १९९६.

आत राखाडी रंगाचे यंत्र, दोन रिमोट, नारिंगी रंगाची प्लास्टिकची बंदूक, चार कॅसेट, दूरदर्शन संचाला जोडायची पिवळी-पांढरी वायर आणि काळा, जड असा एक अडॅप्टर, एवढा ऐवज होता. सौभाग्यवतींचे मत असे पडले की भंगारवाला दारात उभाच आहे, तर हेही देऊन टाकावे. मीही ते मानले असते. परंतु ‘बंद’ या शब्दापाशी मन अडले. बँकेत एखादे खाते बंद झाले, तर त्याचे कारण नोंदवावे लागते. येथे कारणाची नोंद नव्हती.

घरात सांगितले जात असे ते कारण मला ठाऊक होते. चिरंजीवांनी सुट्टीत दिवसभर खेळून यंत्र जाळले. तेव्हा त्याचे वय अकरा. “मी काही केलं नाही,” असे तो एकदा म्हणाला होता, नंतर गप्प बसला. दुसरा गेम त्याला घेऊन दिला गेला नाही. आज तो बंगळूरला असतो, त्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत दोघे येणार होते. हाती वेळ होता. तेव्हा यंत्र नेमके कशाने बंद पडले हे पाहावे, जमल्यास चालू करावे, असे मी ठरवले. या विद्येत माझी गती शून्य. दिव्याचा होल्डर बदलण्यापलीकडे विजेचे कोणतेही काम मी आयुष्यात केलेले नव्हते.

हे यंत्र मुळात कोणाचे, हे आधी सांगितले पाहिजे. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते होते आणि त्याचे कुळ मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते. जपानमधील क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने त्याची रचना केली. जपानी लोकांनी त्या लांब नावाचे ‘फॅमिकॉम’ असे सुटसुटीत रूप केले. पहिल्या खेपेतील काही यंत्रे एका सदोष चिपमुळे खेळता खेळता मध्येच अडकत. कंपनीने विकलेला माल परत बोलावला आणि आतील पाट्या बदलून दिल्या. मागणी वाढत असताना असा निर्णय घ्यायला किती छाती लागते, ते या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. पुढे १९८५ मध्ये हेच यंत्र वेगळ्या पेटीत अमेरिकेत गेले, आणि जगभरात मिळून सहा कोटींहून अधिक नग खपले.

आपल्याकडे घरोघरी आले ते मात्र बहुतांशी त्याचे तैवानी आणि चिनी अनुकरण. रशियात ते ‘डेंडी’ नावाने विकले गेले, पोलंडमध्ये ‘पेगासस’ नावाने. भारतात त्याला इतकी नावे होती की एकही टिकले नाही. गिऱ्हाईक दुकानात जाऊन फक्त ‘व्हिडिओ गेम’ मागे, आणि खेळाच्या खोबणीवजा डबीला सर्व जण ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत मुळीच नसे. मूळ यंत्रात गणन करणारी आणि चित्र काढणारी अशा दोन स्वतंत्र चिप होत्या. अनुकरणवाल्यांनी पुढे त्या एकत्र करून काळ्या, कडक झालेल्या राळेच्या एका थेंबाखाली बसवल्या. माल त्यामुळे स्वस्त झाला. मात्र तो काळा थेंब निकामी झाला, तर तो बदलता येत नाही. सगळे यंत्र गेलेच म्हणून समजायचे.

स्मरणशक्तीच्या दृष्टीने हे यंत्र अगदी गरीब आहे. काम करताना वापरायची त्याची स्मृती अवघी २ किलोबाइट. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ, त्यातील सर्व पातळ्या आणि चित्रांसह, ४० किलोबाइटांत मावतो. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट मोठे असते. जागा वाचवण्यासाठी त्या खेळात आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांना एकच चित्र वापरलेले आहे. फक्त रंग बदलला आहे. हे समजल्यावर मला त्या कारागिरांविषयी आपुलकी वाटू लागली. काटकसर ही काही फक्त आपलीच मिरास नव्हे.

आता माझ्या दुरुस्तीकडे वळतो. आरंभ चुकीचाच झाला. खोका उघडला त्याच संध्याकाळी अडॅप्टर लावला, कळ दाबली आणि वाट पाहिली. यंत्रावरचा लाल दिवा लागला नाही. टीव्हीवर काही उमटले नाही. ओळखीपाळखीच्या सर्वांनी एकच उपाय सांगितला : कॅसेटमध्ये फुंकर मारा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जन्मलेली जगभरातील मुले हाच उपाय करत आलेली आहेत.

या फुंकरीचे मूळ मला नंतर समजले. निन्टेन्डोच्या अमेरिकी यंत्रात कॅसेट व्हीसीआरप्रमाणे समोरून आत सरकवून खाली दाबावी लागे. आतील ७२ पिनांची खोबण वापराने सैल होई. शिवाय परक्या कॅसेट चालू नयेत म्हणून कंपनीने यंत्रात आणि कॅसेटमध्ये एकमेकींना ओळखणाऱ्या दोन चिप बसवल्या होत्या. पिन नीट टेकली नाही की ओळख पटत नसे, आणि यंत्र दर सेकंदाला नव्याने सुरू होऊ पाही; दिवा नुसता लुकलुकत राही. मुले कॅसेट काढून फुंकर मारीत आणि पुन्हा लावीत. बहुतेक वेळा गुण येई तो पुन्हा लावण्याचा, श्रेय मिळे फुंकरीला. उलट तोंडातील ओलाव्याने पिनांवर गंज चढे. आपल्याकडची यंत्रे मूळ जपानी घडणीची, वरून कॅसेट लावायची, ६० पिनांची. ती ओळखीची भानगड त्यांत नाही. फुंकर मात्र आपल्याकडेही पोहोचली.

मी फुंकर मारली नाही, पण त्याच जातीची चूक केली. दोन संध्याकाळी बसून चारही कॅसेटच्या पिना कापसाने आणि खोडरबराने पुसत राहिलो. काम मन लावून केल्याचे समाधान होते. यंत्र होते तसेच.

तिसऱ्या दिवशी आमच्या पेठेतील एका वयोवृद्ध दुरुस्तीकारांकडे गेलो. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला; आता हात थरथरतो म्हणून दुकान नुसतेच उघडे ठेवतात. मी सविस्तर निवेदन करू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवले.

“दिवा लागतो का?”

“नाही.”

“मग कॅसेट कशाला पुसत बसलात, साहेब? वीजच आत जात नाही. आधी अडॅप्टर मोजा, मग पेटी उघडा, मग बाकीचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.”

ही पद्धत मला नवी नव्हती, हे लक्षात येऊन मी खजील झालो. हाताने खतावणी लिहिण्याच्या काळात तेरीज जुळली नाही, तर आम्ही सर्व नोंदी पहिल्यापासून तपासत नसू. आधी फरकाचा आकडा पाहत असू. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर कोणीतरी अंकांची अदलाबदल केली असावी. ५४ च्या जागी ४५ लिहिले असावेत. फरक सम असेल तर त्याचे अर्धे करायचे आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधायची, कारण नावेची रक्कम जमेला गेली तर फरक दुप्पट पडतो. दुकानाची वही ठेवणाऱ्या वाचकांना हे पाठ असेल. दोष कोठे आहे, हे दोषाचे स्वरूपच अर्धे सांगून टाकते. दिवाच लागत नसताना कॅसेट पुसणे म्हणजे रोकड जुळत नाही म्हणून भिंतीवरचे कॅलेंडर तपासण्यासारखे होते.

त्यांनी स्वतःचा मल्टीमीटर मला दिला आणि कसा धरायचा ते दाखवले. यंत्राच्या मागे अडॅप्टरच्या छिद्राशेजारी एक बारीक आकृती कोरलेली होती. मधला ठिपका वजा चिन्हाला जोडलेला, बाहेरचे वर्तुळ अधिक चिन्हाला. याचा अर्थ असा की अडॅप्टरच्या टोकाच्या आतल्या भागात ऋण आणि बाहेरच्या कड्यावर धन हवे. मी लाल टोक बाहेर लावले, काळे आत घातले. आकडा आला : वजा १२.८.

दोन गोष्टींनी गोंधळलो. अडॅप्टरची खिटी ९ व्होल्टवर होती, मग १२.८ कसे? दुरुस्तीकारांना फोन केला. त्यांनी सांगितले की जुन्या, ट्रान्सफॉर्मर असलेल्या अडॅप्टरला काही जोडलेले नसेल, तर तो लिहिल्यापेक्षा जास्तच दाखवतो. भार पडला की आकडा खाली येतो; त्याची चिंता नको. दुसरी गोष्ट वजा चिन्हाची. “टोकं उलटी धरली असतील,” ते म्हणाले. मी पुन्हा पाहिले. टोके बरोबर होती. अडॅप्टर उलटा होता.

वाचकांपैकी ज्येष्ठांना ते अडॅप्टर आठवत असतील. एकाच अडॅप्टरवर ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, गेम, सर्व चालावे म्हणून त्याला दोन खिट्या असत. एक व्होल्ट निवडण्याची, ३ पासून १२ पर्यंत. तिच्या शेजारी दुसरी, बारीक, धन आणि ऋण यांची अदलाबदल करणारी. गेमचा मूळ अडॅप्टर पहिल्याच वर्षी तापून गेला होता आणि त्याच्या जागी हा आणला होता. खोका १९९६ पासून कोणी उघडलेला नव्हता. खिट्या ज्या जागी तेव्हा होत्या, त्याच जागी आजही होत्या. व्होल्टची खिटी ९ वर, बरोबर. बारीक खिटी उलट बाजूला.

मल्टीमीटर हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो, कारण ती दुपार मला आठवली. नाट्यगीतांच्या कॅसेट ऐकण्याचा मला तेव्हा नाद होता. माझ्या टेपरेकॉर्डरला ६ व्होल्ट लागत, आणि आत धन लागे. मुलगा सकाळी खेळत होता. दुपारी मी अडॅप्टर काढून घेतला. संध्याकाळी त्याने तो परत मागितला, तेव्हा तो लहान आहे, चुकेल, म्हणून मी स्वतः उठून लावून दिला. ६ वरची खिटी आठवणीने ९ वर नेली. आपण किती दक्ष आहोत, असेही त्या वेळी मनात आले असेल. शेजारची खिटी पाहिली नाही. “पप्पा, दिवा लागत नाही,” तो म्हणाला. थोड्या वेळाने उग्र वास आला. आणि मी म्हणालो, “दिवसभर चालवल्यावर दुसरं काय होणार?”

नावेची रक्कम जमेला लिहिली गेली होती, आणि लिहिणारा मी होतो. अठ्ठावीस वर्षांनी खोका उघडला, त्या संध्याकाळी मी तोच अडॅप्टर त्याच खिटीसह पुन्हा लावला होता, म्हणजे ती चूक मी दोनदा केली.

आता यंत्र दुरुस्त होण्याला निराळे महत्त्व आले. दिवाळीस तीन आठवडे होते.

पेटीचे सहा स्क्रू काढून झाकण उचलले. येथे एक सूचना आवर्जून करतो. असले खेळयंत्र ९ व्होल्टवर चालते, त्यामुळे अडॅप्टर काढल्यावर ते उघडण्यात जिवाला धोका नाही. अडॅप्टर स्वतः मात्र उघडू नये, त्यात घरातली २३० व्होल्टची वीज असते. जुना काचेच्या नळीचा टीव्ही तर कधीच उघडू नये. बंद केल्यानंतरही त्यात प्राणघातक दाब शिल्लक असू शकतो.

आत पाहिल्यावर दोष डोळ्यांनीच दिसला. विजेच्या छिद्रालगत उभा असलेला नळकांडीसारखा कंडेन्सर माथ्याशी फुगला होता आणि त्याच्या बुडाशी तपकिरी डाग पसरला होता. या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या गुंडाळ्या असतात, आणि पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो. तो थर एकाच दिशेचा दाब सोसतो. दिशा उलटली की थर तुटतो, आतला द्रव तापतो, वायू होतो आणि डबी फुगते. १९९६ च्या वासाचा उगम तो.

त्याच्या शेजारी ॲल्युमिनियमच्या पट्टीला टेकून तीन पायांचा एक काळा तुकडा होता. त्यावर ७८०५ हा आकडा. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत हा आकडा वारंवार भेटतो. अडॅप्टरकडून येणारी कमी-जास्त वीज डाव्या पायाने आत घ्यायची, मधला पाय ऋणाला, आणि उजव्या पायाने बरोबर ५ व्होल्ट बाहेर द्यायचे, एवढेच त्याचे काम. जास्तीची वीज तो उष्णता करून टाकून देतो, म्हणून पट्टीला टेकवलेला असतो. आत किमान ७ व्होल्टच्या आसपास आले नाहीत, तर त्याला ५ देता येत नाहीत. अडॅप्टरची खिटी सरळ करून, दुरुस्तीकारांच्या देखत मी मोजले. डाव्या पायावर वीज पोहोचत होती. उजव्या पायावर जवळजवळ शून्य.

“हा गेलेला बरा,” ते म्हणाले. “हा मेला असेल, तर मागचा वाचला असेल. हा वाचला असता, तर मागच्याची खात्री नव्हती.”

मागचा म्हणजे तो काळा थेंब. तो जळला असेल, तर पुढचे सर्व व्यर्थ होते. नवा तुकडा लावण्यापूर्वी त्यांनी मला आणखी एक मोजमाप करायला लावले. ५ व्होल्टची वाट आणि ऋण यांच्यामधला रोध पाहायचा. तो शून्य आला तर आत कोठेतरी आडवा जोड झाला आहे असे समजायचे, आणि त्यात नवी वीज सोडायची नाही. शून्य आला नाही. याहून अधिक काही मापकाला सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात राहून, बुधवार पेठेतून हजारदा जाऊन, त्या गल्लीत मी कामासाठी पहिल्यांदाच शिरलो. काउंटरवरच्या तरुणाने ‘७८०५’ एवढे ऐकून मागे न पाहता हात खणात घातला. तो तुकडा पंधरा रुपयांचा. कंडेन्सर त्याहून स्वस्त. जुना ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा होता. दुकानात २५ व्होल्टचा मिळाला, आणि तो चालतो : मायक्रोफॅरड तेवढेच ठेवावे, व्होल्टचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नसावा. सोल्डरिंग आयर्न, कथील आणि मल्टीमीटर यांना मात्र बऱ्यापैकी पैसे पडले. तीस रुपयांच्या दुरुस्तीसाठी हजाराच्या वर हत्यारे, हा ताळेबंद मी घरी सादर केला नाही.

जुने पाय सोडवणे हे सर्वांत कठीण काम ठरले. नवशिक्या डाग फार वेळ तापवत राहतो आणि पाटीवरची तांब्याची रेघ उचलून येते. आधी मी मोडक्या रेडिओच्या पाटीवर चार दिवस हात बसवला, त्यात दोन रेघा उचकटल्या, मग गेमला हात लावला. कंडेन्सरच्या अंगावर ऋण पायाच्या बाजूस पट्टा असतो. तो मी पाटीवरच्या खुणेशी तीन वेळा ताडून पाहिला. सौभाग्यवतींनाही बोलावून दाखवला.

कॅसेट न लावता वीज दिली. उजव्या पायावर ५.०२. लाल दिवा लागला.

टीव्हीवर मात्र खेळ नव्हता. कॅसेट लावली तेव्हा राखाडी पडद्यावर चौकोनांची भेसळ दिसली. मला आनंदच झाला. चुकीचे का होईना, काळ्या थेंबाने काढलेले ते चित्र होते. तो जिवंत होता. कॅसेट पुसण्याची खरी वेळ आता आली होती. औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले, कानात घालायच्या कापसाच्या काडीला लावून पिना पुसल्या. काड्या काळ्या निघत राहिल्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत पुसल्या. नंतर त्याच ओलसर पिना खोबणीत चार-पाच वेळा घालून काढल्या, म्हणजे खोबणीचीही सफाई होते. पूर्ण वाळू दिले. मग कळ दाबली, आणि ते संगीत आले. ज्यांच्या घरी हे यंत्र होते, त्यांना कोणते ते सांगावे लागणार नाही.

एका कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले आहे. जवळजवळ एक कोटी खेळ! मी यादी उतरून काढली. दोन-तीन डझनांनंतर तेच खेळ निराळ्या नावाने किंवा मधल्याच पातळीपासून पुन्हा येऊ लागतात. व्यापारात अतिशयोक्ती समजू शकते, पण एवढी?

बंदूक चालली नाही, आणि ती चालणारही नाही. हा दोष नव्हे. बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढताच यंत्र क्षणभर पडदा काळा करते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते. डोळ्याला पांढरे दिसले, तर नेम लागला. हा डोळा काचेच्या नळीवर फिरणाऱ्या किरणाची विशिष्ट वेगाची लुकलुक ओळखतो. आजच्या सपाट पडद्यावर ती लुकलुक नसते, शिवाय चित्र किंचित उशिरा उमटते. बंदूक नीट आहे. तिला दिसण्यासारखे जगात काही उरलेले नाही, इतकेच.

आता ‘मारिओ’ लावला. तो उडी मारत होता, डावीकडे जात होता. उजवीकडे जात नव्हता. या खेळात सगळा प्रवास उजवीकडचा आहे आणि मागे पडलेला पडदा पुन्हा येत नाही, त्यामुळे उजवे बटण नसेल तर करण्यासारखे काहीच नाही. येथेही दोषाच्या स्वरूपाने वाट दाखवली. रिमोटच्या वायरीत पाच तारा असतात. आठही बटणांची हकीकत त्यांतल्या एकाच तारेतून, एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने यंत्राकडे जाते. तार तुटली असती, तर सगळीच बटणे गेली असती. एकच गेले आहे, तर दोष त्या बटणाखालीच असणार.

रिमोटचे स्क्रू काढले. प्रत्येक बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या आत वीज वाहणारा काळा ठिपका असतो, आणि दाबल्यावर तो पाटीवरच्या दोन रेघा जोडतो. वापराने हा ठिपका झिजतो. उजव्या दिशेचा पार झिजलेला होता. पण त्याच्याच शेजारी, टोपीच्या कडेला सरकून चिकटलेला, चंदेरी कागदाचा एक चिमुकला गोल सापडला. कात्रीने बेतून कापलेला. मागे वाळलेल्या डिंकाचा पिवळा पापुद्रा.

झिजलेल्या ठिपक्यावर वीज वाहणारे काही चिकटवावे, हा या दोषावरचा अगदी योग्य उपाय आहे. दुरुस्तीकारांनी तो गोल भिंगाखाली धरून पाहिला आणि विचारले, “कोणी केलं हे? हात चांगला आहे.”

त्या रात्री मी बंगळूरला फोन लावला. अडॅप्टर, बारीक खिटी, टेपरेकॉर्डर, सगळे क्रमाने सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“म्हणजे मी नव्हता जाळला,” तो म्हणाला.

“नाही. मी जाळला.”

पुन्हा काही वेळ गेला. मग त्याने विचारले, “उजवं बटण चालतं का?”

मी चंदेरी गोलाविषयी सांगितले.

“चॉकलेटची चांदी आहे ती, पप्पा. सरकली असेल. नवी लावा. चमकती बाजू खाली, पाटीकडे. आणि डिंक अगदी थोडा, नाहीतर बटण दाबलेलंच राहतं.”

चॉकलेट घरात नव्हते. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणले, चांदी सोडवली, नखाएवढा गोल कापला. डिंक थोडाच लावला.